कोंबडीला घाबरणारी वहिनी

आमची वहिनी कोंबडीला घाबरते. हे मी चारचौघांत सांगितलं की माणसं हसायची आणि त्यांच्याबरोबर मीही हसायचे. पालीला घाबरणारे पुष्कळ असतात, कुत्र्याला तर मीही घाबरते, पण कोंबडी? आणि तीही अशा घरात, जिथे मागच्या अंगणात माझ्या आईनं पस्तीस वर्षं कोंबड्या पाळल्या. दादाचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही तिचं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, चष्म्याचा नंबरसुद्धा विचारला. हे विचारायचं कुणाला सुचणार?

लहानपणी एका कोंबड्यानं तिच्या भुवईखाली चोच मारली होती, डोळा थोडक्यात वाचला. खूण अजून आहे. पण ती म्हणते, चोचीचं एवढं काही नाही, बघण्याचं आहे. कोंबडी मान वाकडी करून एकाच डोळ्यानं आपल्याकडे बघते, आणि पलीकडच्या डोळ्यात तिचं काय चाललंय ते आपल्याला कळत नाही. लग्नानंतर अकरा वर्षं वहिनीनं अंगणात कपडे वाळत घातले ते कोंबड्यांच्या खोलीकडे कधी पाठ न करता. आईला याची फार गंमत वाटायची. अंडी घेऊन स्वयंपाकघरात आली की ती मुद्दाम हात पुढे करायची आणि म्हणायची, घे गं, अंडं चावत नाही. वहिनी हसायची, पण आईनं अंडं टेबलावर ठेवल्याशिवाय हात लावायची नाही.

वहिनी वाचनालयात कामाला आहे, दुपारी दोनपासून. कोणतं पुस्तक कुणी नेलं, कधी परत आणलं हे कार्डावर लिहायचं आणि शिक्का मारायचा. सगळ्यांनी हळू बोलायचं, हळू चालायचं. असं काम तिच्यासाठीच कुणीतरी शोधून काढलं असावं. मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, शिवणकाम करते, आणि माझं तोंड फटकळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून कुणाला धक्का बसणार नाही.

एका सकाळी आई कोंबड्यांच्या खोलीत पडली. पाण्याचं भांडं सांडून भुसा ओला झाला होता, पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. घरात वहिनी एकटीच होती. हाक ऐकून ती धावली, खोलीच्या दारापर्यंत गेली. आई जमिनीवर आडवी, कोंबड्या बिथरलेल्या, दोन तर आईच्या पायांवर चढलेल्या. वहिनीनं कडी काढली आणि पुन्हा लावली. मग ती शेजारच्या गवंड्याकडे पळाली, तो कामावर गेलेला, म्हणून त्याच्या पलीकडच्या घरी पळाली. माणसं येईपर्यंत वीस मिनिटं आई त्या ओल्या भुशात पडून होती.

हे तिनं लपवलं नाही. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात तिनंच आम्हाला जसंच्या तसं सांगितलं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"माझी आई तिथे मेली असती, तरी तू दारातच उभी राहिली असतीस," मी म्हणाले.

वहिनीनं मान हलवली आणि हळूच हो म्हणाली.

एखादीनं रडून दाखवलं असतं, नाहीतर उलट बोलली असती, तर माझा राग उतरला असता. त्या 'हो'चं काय करायचं ते मला कळेना, म्हणून मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

आईचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हाड जुळेल, पण या वयात माणसं हाय खातात आणि उठायचंच नाकारतात, तेव्हा घरी जायची ओढ राहील असं बघा. आईला ओढ एकच. आम्ही भेटायला गेलो की ती स्वतःच्या पायाबद्दल अवाक्षर काढायची नाही, कोंबड्या कशा आहेत ते विचारायची. चौदा जुन्या कोंबड्या तिच्या हाताखाली म्हाताऱ्या होत चाललेल्या, आणि शेजारच्या जाळीच्या पिंजऱ्यात दहा तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या. त्या आता अंड्यावर येणार आणि त्यांना मोठ्या खोलीत सोडायचं, एवढ्यात ती पडली होती.

दादा कारखान्यात पाळीवर जातो. वाईट नाही, पण त्याला कटकट नको असते. त्यानं सरळ सांगितलं की दर शनिवारी कोंबडीवाल्याची गाडी गल्लीत येते, सगळ्या देऊन टाकू, आई आली तरी आता तिला वाकवणार नाही. मी काही बोलणार तेवढ्यात वहिनी म्हणाली, "आई येईपर्यंत मी बघते."

दादा हसला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचा थांबला. त्यानं दोन आठवडे दिले. दुसऱ्या शनिवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर चोवीसच्या चोवीस गाडीत चढतील. आई घरी येईल तेव्हा मागची खोली रिकामी असेल तर काय होईल हे आम्हा तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे ते कुणी बोललं नाही.

त्या खोलीची कल्पना यायला हवी. कमरेइतकी विटांची भिंत, वर जाळी, डोक्यावर पत्रा. एका बाजूला बसायच्या तीन दांड्या आणि समोरच्या भिंतीला लाकडी खोक्यांच्या सहा पेट्या, अंडी घालायच्या. आईनं सांगून ठेवलं होतं की तलंगा दिवेलागणीला न्यायच्या आणि एकेक करून दांडीवर ठेवायच्या. अंधारात कोंबडीला दिसत नाही, सकाळी सगळ्या एकत्र उठल्या की भांडण कमी होतं. वहिनी त्या संध्याकाळी निघाली ती दादाचा रेनकोट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत हातमोजे आणि डोक्यावर स्कूटरचं हेल्मेट, काच खाली ओढून. मी पिंजऱ्यातून तलंगा काढून द्यायला गेले होते, आईसाठी, वहिनीसाठी नाही. ते ध्यान बघून मला हसू फुटलं. मग रेनकोटचा आवाज ऐकू आला. वारा नव्हता, आणि रेनकोट सळसळत होता. ती आतून इतकी थरथरत होती. दहा वेळा ती आत गेली आणि दहा वेळा बाहेर आली, आणि शेवटच्या वेळी नळाजवळ बसून ओकली.

सकाळी भांडण कमी वगैरे काही नव्हतं.

आता कुणीतरी म्हणेलच की जुन्या कोंबड्या आणि नव्या कोंबड्या म्हणजे सासवा आणि सुना. मी तसं म्हणणार नाही, कारण माझी आई वहिनीला कधी एक शब्द दुखावून बोललेली नाही, आणि सासूनं सुनेला जेवताना ताटावरून हाकललेलं मी तरी बघितलेलं नाही. इथे तेच चाललं होतं. चौदांची मुख्य होती हेडबाई, पांढरी, जाडजूड, तुरा एका बाजूला कललेला. ती पेट्यांसमोर येऊन उभी राहिली की बाकीच्या वाट देत. पेट्या सहा असल्या तरी सगळ्यांना हवी असायची ती डावीकडून दुसरीच. तिच्यात हेडबाई बसणार, बाहेर दोघी कुरकुरत ताटकळणार, एखादी तर तिच्या अंगावरच चढून बसणार. यात तलंगांना कोण विचारतं? पहिलं अंडं आलं की तलंग कावरीबावरी होते, तिला स्वतःलाच कळत नाही की आपल्याला काय होतंय. तशी एक पेटीच्या कडेवर चढली की आतून चोच यायची, थेट डोक्यावर. मग ती कोपऱ्यात, पाण्याच्या भांड्यामागे, कुठेही उघड्यावर अंडं टाकायची. ते फुटायचं आणि सगळ्या धावून खायच्या. कोंबडीला अंड्याची चटक लागली की ती सुटत नाही, हे आईनं आम्हाला लहानपणापासून बजावलेलं. तिसऱ्या दिवशी दोन तलंगांच्या मानेवरची पिसं गेली होती.

वहिनी रात्री झोपत नव्हती. पण दिवसा तिनं एक केलं जे आमच्यापैकी कुणाला सुचलं नसतं. तिनं वाचनालयातली कोरी कार्डं आणली आणि प्रत्येक कोंबडीचं कार्ड केलं. पायात रंगीत दोरा, कार्डावर तोच रंग, आणि पुढे पेटीचा नंबर, आत गेल्याची वेळ, बाहेर आल्याची वेळ. कोंबड्या पुस्तकांसारख्या नेल्या-आणल्याच्या नोंदी. मी दारात उभी राहून टोमणा मारला की उशीर झाला तर दंड घेणार का. तिनं मान वर केली नाही. ज्याला भीती वाटते तो बघत राहतो. खोलीतली कुठली कोंबडी कुठल्या क्षणी कुठे आहे हे वहिनीला पाठ असायचं, कारण एखादी नजरेआड झाली की ती दिसेपर्यंत वहिनी मान फिरवून शोधत राहायची.

चार दिवसांच्या कार्डांतून तिला कळलं की जुन्या कोंबड्या सगळ्या सकाळी नऊच्या आत अंडी घालतात. तलंगा दहानंतरच बसायला बघतात. मग तिनं दादाच्या कारखान्यासारख्या पाळ्या लावल्या. नऊ वाजता जुन्यांना अंगणात सोडायचं आणि दार लावून घ्यायचं, दुपारपर्यंत पेट्या तलंगांच्या. पेट्यांपासून लांबच्या भिंतीला, हेडबाईच्या नजरेच्या टप्प्यात येणार नाहीत असे, तिनं तीन प्लास्टिकचे क्रेट खाली ठेवले, भुसा घातला, तलंगांना जागा कळावी म्हणून आत एकेक गोल पांढरा दगड. पेट्यांच्या आणि क्रेटच्या तोंडाशी पडदे हवेत म्हणाली, म्हणजे आत बसलेली बाहेरून दिसणार नाही आणि जिला बसायचंय तिच्यावर कुणाचा डोळा राहणार नाही. मी जाड तपकिरी कापडाच्या पट्ट्या शिवून दिल्या. पडदे खरं तर तिच्यासाठीच होते असं मला तेव्हा वाटलं, कारण अंडी काढायला हात घालताना आतली कोंबडी तिच्याकडे बघू नये. पण तलंगा पडद्याआड जाऊन बसू लागल्या. एका दुपारी तीन क्रेटमध्ये चार अंडी मिळाली, लहानशी, आणि वहिनीनं पहिल्यांदा ती हातमोजे काढून उचलली. मी तिच्याशी थोडं बोलले त्या दिवशी.

दुसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी रक्त दिसलं.

तपकिरी मानेची एक तलंग कोपऱ्यात तोंड करून उभी होती आणि शेपटीखाली जखम होती, बोटाच्या पेराएवढी. वहिनीनं तिला बाहेर आणलं. आम्ही दोघींनी नळावर कोमट पाण्यानं धुतलं, कापसानं टिपलं, आणि घरातलं लाल औषध लावलं. आमच्या घरात जितके म्हणून गुडघे फुटले तितक्यांना तेच लावलंय. वहिनीनं थोडंसं लावलं तर मीच म्हणाले, हात आखडू नको, चांगलं चोपड. एकटी बाहेर ठेवली तर पुन्हा परकी होईल म्हणून वहिनीनं तिला लगेच आत सोडलं. साडेआठ झाले होते, चौदाच्या चौदा आत होत्या.

आधी खोली गप्प झाली. कोंबड्या कधी गप्प नसतात, काही ना काही पुटपुटत असतात, आणि ते पुटपुटणं एकदम थांबलं. सगळ्यांच्या माना त्या लाल जागेकडे वळल्या. मग एक आली, मग तीन आल्या, मग चारही बाजूंनी आल्या. तलंग किंचाळली तो आवाज मला अजून ऐकू येतो. मी झाडू घेऊन आत शिरले आणि इकडेतिकडे फटके मारत सुटले, त्यानं गोंधळ जास्तच वाढला. वहिनीचं हेल्मेट नळावर राहिलं होतं, हातमोजेही. ती तशीच गेली, गुडघ्यांवर बसली आणि त्या चोचींच्या ढिगात दोन्ही हात घातले. तिचे डोळे घट्ट मिटलेले होते. चाचपत चाचपत तिनं तलंग शोधली, पोटाशी धरली आणि मिटल्या डोळ्यांनीच उठून दाराकडे चालू लागली. मी दंड धरून तिला बाहेर काढलं.

तलंग तासाभरात तिच्या मांडीवर गेली. औषधाचं लाल कुठलं आणि रक्ताचं कुठलं ते कळत नव्हतं, आणि त्यात वहिनीच्या हाताचंही होतं. मी जनावरांच्या औषधांच्या दुकानात फोन लावला. दुकानदार म्हणाला, अहो, लाल लावलंत म्हणजे सगळ्यांना बोलावणं धाडलंत, जांभळं लावतात. आणि आता त्यांना रक्ताची चव कळलीय, सांभाळा.

वहिनी जेवेना. जरा आवाज झाला की दचकून मागच्या दाराकडे जायची. उरलेल्या नऊ तलंगांकडे ती अशी बघायची, जणू आता कोण हे आधीच ठरलेलं आहे आणि तेवढं तिला कळत नाहीये. दादानं रात्री शांतपणे सांगितलं की बस झालं, शनिवारी गाडीवाल्याला थांबवतो. आईला काय सांगायचं ते मी सांगेन म्हणाला. पण कुणी सांगितलं तरी काय, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहणार आणि पुन्हा उठणार नाही, हे मला दिसत होतं. त्या रात्री मी माझ्या घरी दिवा लावूनच झोपले. एवढी बाई मी, पण झोपले.

मी हेडबाईला दोष दिला. तिला आजच्या आज वेगळी काढ, म्हणाले. गुरुवारी संध्याकाळी वहिनीनं जेवणाच्या टेबलावर सगळी कार्डं मांडली. हेडबाई सात वाजून दहा मिनिटांनी पेटीत, आठच्या आत बाहेर, नऊला अंगणात. रोज तेच. आणि तलंगेची जखम मंगळवारची होती, कडेला सुकलेली. मंगळवारी साडेदहाला ती तलंग क्रेटमधून बाहेर आल्याची नोंद होती. तेव्हा जुन्यांपैकी आत कुणीच नसायला हवं होतं. वहिनी एकेक कार्ड बाजूला सारत गेली. शेवटी एक राहिलं, त्याच्यावर एकही नोंद नव्हती. ते बिचारीचं.

बिचारी ही वहिनीला न घाबरवणारी एकमेव कोंबडी. जुन्यांमध्ये सगळ्यात खालची, बारकी, राखाडी. तिला सगळ्या मारायच्या, ती सगळ्यांपासून पळायची, वहिनीपासूनसुद्धा. अकरा वर्षांत वहिनीनं जाळीतून दाणे टाकले असतील तर ते फक्त बिचारीला आणि तिच्या आधी तिच्यासारख्याच एकीला. नऊ वाजता बाकीच्या अंगणात गेल्या की बिचारीला तिथे मार बसतो, म्हणून वहिनी तिला दयेपोटी आतच ठेवायची. तलंगांसोबत. तिची नोंद ती करत नव्हती, कारण बिचारी पेटीत बसायचं धाडसच करायची नाही.

वहिनीनं ते कोरं कार्ड माझ्यापुढे सरकवलं. मला म्हणाली, "ताई, मीच तिला आत ठेवलं."

शुक्रवारी सकाळी सहापासून ती खोलीत पालथ्या बादलीवर बसली. हेल्मेट नाही, काही नाही, कारण हेल्मेटनं कोंबड्या बुजतात आणि नेहमीसारख्या वागत नाहीत. चार तास ती हलली नाही. कोंबड्या तिच्या बुटांवरून गेल्या, एक मांडीवर चढली आणि उतरली. मी जाळीबाहेर होते आणि तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. नऊला जुन्या बाहेर गेल्या, बिचारी राहिली. दहा वाजून गेल्यावर एक तलंग क्रेटमध्ये उभी राहिली, अंडं घालून झालेली. त्या वेळी तलंगेची मागची जागा क्षणभर लाल दिसते. पडदा हलला आणि बिचारी, जी इतका वेळ भिंतीला चिकटून होती, ती पळत आली आणि मागून चोच मारून पुन्हा भिंतीला जाऊन चिकटली. सगळं मिळून दोन सेकंद. दुसऱ्यांदा यायच्या आत वहिनीनं तिला हातमोज्यांशिवायच पकडलं होतं.

मी म्हणाले ना, माझं तोंड फटकळ आहे. मी म्हणाले, मान मुरगळ तिची.

वहिनीनं तिला तलंगांच्या रिकाम्या पिंजऱ्यात ठेवलं आणि त्या दुसऱ्या तलंगेच्या ओरखड्याला जांभळं औषध लावलं. शुक्रवारचा सबंध दिवस रक्त दिसलं नाही. शनिवारी सकाळीही नाही. पण शनिवार तो शनिवारच. दहाच्या सुमाराला कोंबडीवाल्याची गाडी फाटकाशी थांबली, इंजिन चालूच, मागे जाळीचे रिकामे खोके. दादा बाहेर आला. तो आडमुठा नाही. त्यानं खोलीत डोकावून बघितलं, तलंगा पडद्याआड जात होत्या, जुन्या उन्हात पाय ताणून पडल्या होत्या. बाकीच्या राहू देत म्हणाला, पण ती पिंजऱ्यातली आज द्यायची. खुनी कोंबडी घरात कशाला? मीही तेच म्हणाले. वहिनी पिंजऱ्याच्या आणि दादाच्या मध्ये उभी राहिली. हात कोपरापर्यंत पट्ट्यांनी बांधलेले.

"तिनं घाबरून केलं," ती म्हणाली. "आयुष्यभर सगळ्यांचा मार खाल्ला. आता कुठे तिच्याखाली कुणीतरी आलं, तेही वर जाईल म्हणून घाबरली. घाबरलेलं माणूस काय करेल ते त्याचं त्याला कळत नाही. ते चांगलं नसतं, मी म्हणत नाही चांगलं असतं. पण तिला गाडीत घालून तुम्हाला काय मिळणार आहे?"

ती दादाशी बोलत होती, पण मान माझ्याकडे होती. व्हरांड्यात मी तिला जे बोलले होते ते मी तेव्हा मागे घ्यायला हवं होतं, आणि मी नुसती उभी राहिले. दादा गाडीवाल्याकडे गेला आणि त्याला पुढच्या गल्लीत जायला सांगितलं.

बिचारी दहा दिवस पिंजऱ्यात होती, सगळ्यांना दिसेल अशी. तेवढ्या दिवसांत तलंगा अंगानं भरल्या, दोन तर हेडबाईसमोरून न वळता जाऊ लागल्या. बिचारीला परत सोडलं तेव्हा ती सगळ्यांच्या खालीच गेली, पण वहिनीनं तिच्यासाठी कोपऱ्यात, दाराआड एक खोकं ठेवलं होतं, दोन्ही बाजूंनी झाकलेलं. पहिले तीन दिवस वहिनी बादलीवर बसून होती. तिनं वाचनालयातून रजा घेतली, कारण विचारलं तर घरी आजारी माणूस आहे म्हणाली. भीती गेली होती असं कुणी समजू नये. दार उघडण्याआधी ती अजून थांबायची आणि श्वास घ्यायची. मी मोजलं नाही, पण रोज थांबायची.

आईला तलंग गेल्याचं मीच सांगणार होते. वहिनी म्हणाली, नाही, मी सांगते. तिनं पलंगाशेजारी उभं राहून सगळं सांगितलं, लाल औषधासकट. मला वाटलं आता झालं. आईनं मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाली की पहिल्या वर्षी तिनंही लाल औषध लावलं होतं आणि तिच्या तीन गेल्या होत्या, आणि ते तिनं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. पाणी मागून प्यायली आणि नर्सला म्हणाली, वॉकर द्या, चालून बघते.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले सहा आठवडे संपले आणि आई घरी आली. पायरी चढायला दादानं धरलं. चहासुद्धा न घेता तिनं वॉकर मागच्या दाराकडे वळवला. आम्ही तिघं मागे. अंगण ओलांडायला तिला खूप वेळ लागला. कोंबड्यांनी तिचा आवाज ओळखला, जाळीशी गर्दी केली, हेडबाई सगळ्यांत पुढे. वहिनीनं कडी काढली, दार उघडलं, आईसाठी बाजूला झाली.

आईनं वॉकरचे पुढचे पाय उंबऱ्यावर टेकवले आणि थांबली. आत भुसा होता, कोरडा, वहिनीनं सकाळीच बदललेला. आई त्या भुशाकडे बघत होती. मी बघितलं तर वॉकर हलत होता. दोन्ही हातांनी तिनं तो घट्ट धरला होता आणि तरी तो खडखडत होता. तिनं एक पाय उचलला आणि तिथेच खाली ठेवला. माझी आई, जी आयुष्यात कशाला भ्याली नाही.

"मला नाही जमत गं," ती म्हणाली. कुणाकडे न बघता. "पाय पुढे जात नाही."

दादा म्हणणार होता काहीतरी. मी त्याचा हात दाबला.

वहिनीनं घरातून खुर्ची आणली, दाराबाहेर सावलीत ठेवली, आईला बसवलं आणि तिचे हात वॉकरवरून सोडवून स्वतःच्या हातात घेतले. आज नाही तर नाही, ती म्हणाली, उद्या पुन्हा येऊ, परवा येऊ, दारापर्यंत आलात ते पुष्कळ झालं. आईनं तिच्या हातांकडे बघितलं, नव्या कातडीचे गुलाबी वण होते तिथे. मग विचारलं, "तुला अजून वाटते का गं भीती?"

"रोज," वहिनी म्हणाली.

मग ती दाराशी गेली, थांबली, श्वास घेतला आणि अंडी काढायला आत गेली.